तेवढं खोडा

टंकलेखकाने तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच पहिली ओळ उमटवून टाकली होती. त्याचंही काही चुकलं नव्हतं. सकाळपासून सहा जण त्या खुर्चीत बसून गेले होते आणि सहाही जणांची पहिली ओळ एकच होती. तिने वाकून पाहिलं. 'मी शपथेवर सांगते की'. पुढे कोरा कागद. त्या 'की'च्या पुढे एक शब्द जरी टाकला तरी मागचं सगळं आपलं होऊन बसेल, असं तिला वाटलं आणि ती म्हणाली, "तेवढं खोडा."

"काय?"

"पहिली ओळ. मी शपथ घेत नाही."

टंकलेखकाची बोटं होती तिथेच थांबली. टेबलापलीकडे चौकशीच्या बाई खोकल्याची गोळी चघळत होत्या. त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली. "शपथ घेत नाही म्हणजे? खरं सांगायचं नाही का?"

"खरंच सांगायचंय."

"मग?"

"मग शपथ कशाला?"

हे उद्धटपणाचं वाटलं असणार, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. घरी हे वाक्य किती साधं होतं. "आमच्या मंडळीत घेत नाहीत," तिने पुढे जोडलं. बाईंनी अशा कुठल्या मंडळीचं नाव ऐकलेलं नव्हतं. टंकलेखकाने ऐकलं होतं. "ते छापखान्याच्या वरच्या खोलीत जमतात ना, ते. गप्प बसतात."

"गप्प बसतात?"

"हो. तासभर."

"माझ्या ऑफिसातही पाठवा त्यांना," बाई म्हणाल्या आणि टंकलेखक हसला. तीही हसली असती, पण तळहाताला घाम आला होता आणि तो कुठे पुसावा ते कळत नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की देवाचं नाव नको असेल तर नुसती गंभीरपणे प्रतिज्ञा करा, तीही चालते. ती म्हणाली, ते तेच झालं. बाई म्हणाल्या, मग तुमचं म्हणणं कागदावर येणार नाही, आणि कागदावर आलं नाही तर तुम्ही आज इथे आलाच नाहीत. नियमात तिसरी सोय नव्हती. "गुरुवारी शेवटची तारीख. विचार करून या," त्या म्हणाल्या आणि टंकलेखकाने कागद ओढून काढला. तो कागद ओढल्याचा आवाज तिला बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत पुरला.

पायऱ्यांवर तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. लहानपणी खेळताना पोरं म्हणायची, "घे शप्पथ!" आणि ती म्हणायची, "नाही घेणार, पण मी आउट नव्हते," आणि पोरं तिला खेळातून काढून टाकायची. मग ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि बाकीच्यांच्या 'आईशप्पथ', 'देवाशप्पथ', 'गळ्याशप्पथ' अशा आरोळ्या ऐकायची. तेव्हाही छातीत हेच असायचं. एकटीच खरी. प्रयोगशाळेत तिचं नाव 'बिनशपथी' पडलं होतं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण गमतीने म्हणायची, "ए बिनशपथी, चहा पिणार का? शपथेवर नको सांगूस, नुसतं हो म्हण." ती चिडायची नाही. आतून जरा आवडायचंच. आज पायऱ्यांवर ते आवडणं तिला पहिल्यांदा ओळखू आलं, आणि जिभेवर तांब्याच्या नाण्यासारखी चव आली.

कारण बाटलीकाका अजून निलंबितच होते.

बाटलीकाका म्हणजे पाण्याचे नमुने गोळा करणारे. उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला हे नाव पडलं होतं, आणि ते स्वतःच त्यावर सगळ्यांत जास्त हसायचे. सकाळी सातला निघायचे, ठरलेल्या नळांवरून बाटल्या भरायचे, बर्फाच्या पेटीत घालून आणायचे. त्या मंगळवारी त्यांनी टाकीपलीकडच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाची बाटली तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हिला आधी घे. त्या बाया म्हणत होत्या, पाण्याला वास येतोय." तिने नळीत पाणी घेतलं, गोळी टाकली. पाण्यात क्लोरीन असलं की गुलाबी रंग चढतो. किती गुलाबी, त्यावरून आकडा ठरतो. रंग आला नाही. तिने नळी उजेडाकडे धरली, पांढऱ्या कागदासमोर धरली, दुसऱ्यांदा गोळी टाकली. पाणी पाण्यासारखं राहिलं. तिने नोंदवहीत शून्य लिहिलं आणि वही साहेबांकडे नेली. साहेब वाईट माणूस नव्हते. तिला नोकरीला लावताना त्यांनीच वरच्यांशी भांडण काढलं होतं. ते वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बाटली उन्हात राहिली असेल. वाटेत क्लोरीन उडून जातं. शून्य लिहिलं तर आख्खी टाकी बंद करावी लागते, ठाऊक आहे ना?" आणि त्यांनी तिच्याच पेनाने तिच्या शून्यापुढे एक टिंब दिलं आणि दोन काढला. शून्य दशांश दोन. म्हणजे ठीक. खाडाखोड नाही, काही नाही. शून्य तिचंच होतं.

चौथ्या दिवशी गल्लीत उलट्या-जुलाब सुरू झाले. ऐंशी माणसं दवाखान्यात गेली आणि एक म्हातारी परत आली नाही. नोंदवही उघडली गेली तेव्हा आकडा ठीक होता. पाणी ठीक होतं तर माणसं आजारी कशी पडली? साहेबांनी सांगितलं, नमुना त्या नळाचा नसणारच. म्हातारा आळस करतो, इथल्याच एखाद्या नळावर बाटली भरली असेल. ते असं म्हणाले तेव्हा ती तीन हातांवर बसून नळ्या धूत होती. नळीच्या आत ब्रश घालून फिरवताना एक किरकिर आवाज येतो. ती तो आवाज करत राहिली.

घरी बाबा मशीनवर होते. बाबा शिंपी. आणि शिंपी असून दिलेल्या दिवशी कपडा देणारा, ही त्या रस्त्यावरची जुनी गंमत होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "शनिवारी द्याल ना नक्की?" बाबा विचार करून म्हणायचे, "शनिवारी नाही व्हायचं. मंगळवारी होईल." समोरचा शिंपी हसत हसत शनिवार कबूल करायचा आणि पुढच्या शनिवारी द्यायचा, तरी गिऱ्हाईक त्याच्याकडेच जायचं, कारण 'शनिवारी देतो' हे ऐकायला बरं वाटतं. बाबांना त्याचं दुःख नव्हतं. ते म्हणायचे, शपथेवरचं बोलणं वेगळं ठेवलं की बिनशपथेचं बोलणं आपोआप हलकं पडतं. माणसाचं बोलणं एकच असावं. हे ते उपदेशासारखं सांगत नसत. सुईत दोरा ओवावा तसं सांगत, डोळे बारीक करून.

"काय झालं?" त्यांनी पाय न थांबवता विचारलं.

तिने सांगितलं. बाबांचा पाय थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते तिने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "शाब्बास," ते म्हणाले. एवढंच. मग पुन्हा मशीन सुरू झालं, पण जरा जोरात, आणि शिवण संपायच्या आधी ते कुठलीशी धून गुणगुणायला लागले. ती आत जाऊन उभी राहिली. त्या 'शाब्बास'चं काय करावं तिला कळेना. ते तिच्या अंगावर कुणी दुसऱ्याच्या मापाचं कापड चढवावं तसं बसलं होतं, काखेत घट्ट, खांद्याला सैल. कारण बाबांनी एक गोष्ट विचारली नव्हती. साहेबांनी टिंब दिलं त्या मंगळवारपासून चौकशीचा कागद येईपर्यंत अकरा दिवस गेले होते, आणि त्या अकरा दिवसांत तिने कुणाला सांगितलं? ती खोटं बोलली नव्हती. ती बोललीच नव्हती.

आईला हे लगेच कळलं असतं. आई मंडळीबाहेरची, लग्न होऊन आत आलेली. पंचवीस वर्षं तिने तोंड सांभाळलं, तरी हात भाजला की तिच्या तोंडून 'आईशप्पथ' निसटायचंच, आणि मग ती ओठांवर बोटं दाबून बाबांच्या मशीनचा आवाज थांबतो का ते ऐकायची. दोघी मायलेकी पोट धरून हसायच्या. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात, श्वास पुरत नव्हता तेव्हा, आईने तिचा हात घट्ट धरून म्हटलं होतं, "बाबांना एकटं टाकू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे." बाबा खिडकीशी उभे होते. ते वळले नाहीत. तेराव्या की चौदाव्या दिवशी ते म्हणाले, "ते मनावर घेऊ नकोस. ती बोलली नाही ते. तिची भीती बोलली." पण तिने ते मनावर घेतलं होतं. आपल्याला कुणीतरी शपथ घातली आहे, ही गोष्ट तिने चार वर्षं अंगाखाली गादीत लपवलेल्या वस्तूसारखी जपली होती. कुशीवर वळलं की टोचायची, आणि टोचली की बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मंडळीतले थोरले घरी आले. बातमी पोचली होती. ते गृहस्थ पूर्वी नकाशे काढायच्या खात्यात होते आणि अजूनही बोलताना टेबलावर बोटाने रेघा ओढत. "तू तुझं काम केलंस," ते म्हणाले. "खरं तुझ्यापाशी आहे. ते ऐकायला तयार नसतील तर दोष त्यांच्या कानांचा."

"पण काका, त्या माणसाची नोकरी जाईल."

"जाईल," थोरले म्हणाले. त्यांनी ते टाळलं नाही, हे तिला आवडलं आणि त्याच वेळी त्यांचं टेबलावर शांतपणे फिरणारं बोट तिला बघवेना. "आपल्या आधीच्या माणसांनी तुरुंग काढलेत यापायी. एकाने शपथ घेतली की पुढच्याला म्हणतात, तिने घेतली, मग तुला काय धाड भरलीय?" ते खोटं नव्हतं. तिच्या पाठीमागे चाळीस घरं उभी होती आणि ती सरकली की प्रत्येक घर थोडं सरकणार होतं. "आणि घेतलीस," ते उठताना म्हणाले, "तर वर्षभर तू बैठकीत, आतून कितीही आलं तरी, बोलायचं नाही. येऊन बस, पण बोलायचं नाही. हे मी रागाने सांगत नाहीये." रागाने नव्हतंच. रागाने असतं तर तिला भांडता आलं असतं.

बुधवारी दुपारी ती अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून बाटलीकाकांकडे गेली. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि तिला बघताच आत निघून गेली. आत भांडी जरा जास्तच जोरात वाजली. काका खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली, अंगावर कामाचाच सदरा, जणू आत्ता कुणी बोलावलं तर निघता यावं. "ये, ये," ते म्हणाले. "तुला कशाला पेच. मी म्हटलं हिला, पोरीचा धर्म आहे तो. नोकरीची दोन वर्षं राहिली होती माझी. गेली तर गेली." मग ते थांबले. त्यांची नजर तिच्या तोंडावर फिरली, काहीतरी शोधत. "पण तुला ठाऊक आहे ना? मी गेलो होतो. शेवटच्या नळावरच गेलो होतो."

"ठाऊक आहे, काका."

"नाही, पण…" त्यांनी खाटेवरून उठून तिचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. केस विरळ होते, टाळू गरम होता. "शपथ घेऊन सांगतो पोरी. माझ्या लेकरांची शपथ. गेलो होतो."

तिने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी तो दाबून धरला होता. बाटली त्यांनी तिच्या हातात दिली होती. वास येतोय म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. सगळ्या जगात ज्या एका माणसाला त्यांनी काही पटवून द्यायची गरज नव्हती, ती ती होती, आणि तिच्यासमोर हा माणूस लेकरांची शपथ घेत होता. बाबा म्हणत तसंच झालं होतं. त्यांचं साधं बोलणं हलकं पडलं होतं, इतकं हलकं, की त्यांना स्वतःलाच त्याचं वजन लागत नव्हतं. आणि ते कुणी हलकं केलं? टिंब देणाऱ्याने केलं. आणि नळ्या धुणारीने. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. दारामागे बायको ऐकत होती हे तिला श्वासावरून कळलं. "बस खाली, चहा घे," काका म्हणाले. ती म्हणाली, "नको." तिला वाटलं, आपण आता रडू, आणि रडलो तर हे दोघं आपल्यालाच समजावत बसतील. ती निघून आली.

गुरुवारी ती लवकर पोचली. बाहेरच्या बाकावर साहेब बसले होते. त्यांना पुन्हा बोलावलं होतं. ते सरकले, तिला जागा करून दिली. "तुझं बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "ज्याने त्याने आपल्या श्रद्धेला धरून राहावं. कुणाच्या दबावाखाली येऊ नकोस." त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता हे दिसत होतं. आणि तिला एकदम दिसलं की आपली श्रद्धा या इमारतीत आज सगळ्यांत जास्त कुणाला हवी आहे. आतून नाव पुकारलं गेलं.

टंकलेखकाने या वेळी कागद चढवला होता, पण कोरा. तो तिच्याकडे बघत थांबला. बाईंचा खोकला गेला होता. "बोला," त्या म्हणाल्या.

"टाका ती ओळ," ती म्हणाली.

"तुम्हाला तोंडाने म्हणावी लागेल."

तिने म्हटली. आठ-दहा शब्द होते. बाईंनी एकेक तुकडा सांगितला, तिने मागून म्हटला, शाळेत पाढे म्हणतात तसा. तिला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. काही झालं नाही. पंखा फिरत होता. फक्त आपला आवाज आपल्यापासून जरा लांबून येतोय असं वाटलं, शेजारच्या खोलीतून यावा तसा, आणि तो परत जवळ यायची ती वाट बघत राहिली. मग प्रश्न सुरू झाले. बाटली कोणी आणली, किती वाजता, कुठल्या नळाची, रंग आला का, वहीत काय लिहिलं, त्यापुढे कोणी काय लिहिलं. तिने सांगितलं. यंत्र खडखडत राहिलं.

"आणि मग तुम्ही काय केलंत?"

"मी?"

"आकडा बदललेला तुम्ही पाहिलात. मग तुम्ही काय केलंत?"

यंत्र थांबलं. टंकलेखक बोटं टेकवून वाट बघू लागला. सोमवारी, शपथेवाचून, तिने याला काय उत्तर दिलं असतं? खरंच दिलं असतं, बहुतेक. बहुतेक. हा 'बहुतेक' आजवर कुठे होता?

"काही नाही," ती म्हणाली. "नळ्या धुतल्या. अकरा दिवस कुणालाही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं असतं, तर काकांवर आलं नसतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती म्हातारी…" बाईंनी हात वर केला. "तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. त्यांचा सूर बदलला होता. टंकलेखकाने सगळं उतरवलं, म्हातारीसकट. तिने खाली सही केली.

बाटलीकाकांना शनिवारी कामावर घेतल्याचा कागद मिळाला. साहेब रजेवर गेले. तिला एक समजपत्र आलं, वेळीच न कळवल्याबद्दल. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तिला बिनशपथी म्हणणं सोडलं. दुसरं नाव काही ठेवलं नाही. काका पेटी घेऊन आत आले, बाटल्या ओळीने मांडल्या, आणि म्हणाले, "घे." ती म्हणाली, "द्या."

बाबांना तिने गुरुवारी घरी पोचल्या पोचल्या सांगितलं होतं, चपलाही न काढता. शपथेचं सांगितलं आणि अकरा दिवसांचंही. बाबा काजं करत होते. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली, कापडाची घडी केली, घडी उलगडली. "बरं," ते म्हणाले. रात्री जेवायला बसले, तिने वाढलं तेवढं खाल्लं. शुक्रवार, शनिवार ते नेहमीसारखे बोलले, उलट जरा जास्तच बोलले. कुणाच्या बाहीचं माप, दोऱ्याचा नवा रंग. ती प्रत्येक वाक्याच्या मागे पाहायची. तिथे काही नसायचं.

रविवारी दोघं बैठकीला निघाले. ती जाऊन बसणार होती. वर्षभर नुसतं बसायचं होतं. बाबा म्हणाले होते, "चल, बरोबरच जाऊ," आणि त्यामुळेच ती सकाळपासून त्यांच्याकडे बघू शकली नव्हती. स्वच्छ ऊन पडलं होतं. तिने चहाची भांडी विसळली, शेगडी पुसली, दार ओढून घेतलं. जिन्याच्या तोंडाशी बाबा थांबले.

"गॅस बंद केलास?"

"हो."

ते एक पायरी उतरले. दुसरी उतरले. मग त्यांचा हात कठड्यावर थांबला. "रुमाल राहिला माझा," ते म्हणाले, आणि वळून, तिच्या बाजूने अंग चोरून, परत वर गेले.

रुमाल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. तिनेच सकाळी इस्त्री करून दिला होता. घडीचं पांढरं टोक वर आलेलं होतं. दार अर्धवट उघडं राहिलं. तिथून तिला स्वयंपाकघराचा एक उभा तुकडा दिसत होता आणि त्या तुकड्यात बाबा आले, वाकले, गुडघ्यावर एक हात ठेवून, आणि दुसऱ्या हाताने सिलिंडरचं बटण चाचपून पाहिलं. ते बंदच होतं. ते तसेच थोडा वेळ वाकून राहिले, बटणावर हात ठेवून. उभ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाला खोटा शनिवार सांगितला नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा ती जिन्यातल्या खिडकीतून खाली बघत होती.

"सापडला?" तिने विचारलं.

"सापडला," बाबा म्हणाले, आणि तिच्या पुढे होऊन, कठडा धरून, सावकाश उतरू लागले.